आग वस्तऱ्याची नव्हे

‘दोन महिने आग सोस, मग कातडी निबर होते.’ हे वाक्य या पावसाळ्यात मी चौथ्यांदा ऐकलं. सांगणारा माणूस दर वेळी वयाने वडील आणि घरात ज्याच्या शब्दाला मान आहे असाच होता. शेवटी ऐकलं ते माझ्या भाच्याला सांगितलं जात असताना. तो गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकतो. हौसेने खरा वस्तरा घेतला, आठवडाभर आरशासमोर झटला आणि गणपतीला घरी आला तेव्हा हनुवटीखाली गळ्यापर्यंत लाल चट्टे उठलेले होते. काही ठिकाणी बारीक पुळ्या, एके ठिकाणी सोललेली कातडी. घाम आला की तो मान वाकडी करून बसायचा. जेवणाच्या पानावर त्याला सल्ले मिळाले. एक म्हणाले, सोस, सवय होईल. दुसरे म्हणाले, तुझी कातडी नाजूक, हे तुझं काम नव्हे. तिसरे म्हणाले, धार फार असणार, जरा बोथट कर. चौथ्यांनी तुरटीचा खडा पुढे केला आणि चांगली झोंबेल अशी घास म्हणाले. वस्तरा कसा धरतोस, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

माझा राग या न विचारलेल्या प्रश्नावर आहे. वस्तऱ्याबद्दल आपल्याकडे एक मत पक्कं होऊन बसलंय. वस्तरा म्हणजे कातडी सोलणारं हत्यार. तो चेहऱ्याला लागला की आग होणारच, पुळ्या येणारच. ज्याची कातडी जाड त्याने सोसावं, ज्याची पातळ त्याने तीन पात्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र घ्यावं. सोसा नाहीतर सोडा. शिकणं नावाचा तिसरा रस्ता या मतात नाहीच. मला हे मत साफ खोटं वाटतं, आणि ज्यांनी ते कधी तपासून पाहिलेलं नाही तेच ते ठामपणे पुढच्या पिढीच्या गळ्यात मारतात, याचा संताप येतो.

आधी निबर होण्याचं पाहू. कुदळ मारून तळहाताला घट्टे पडतात, मग गालालाही पडतील, असा हा हिशेब आहे. गालाच्या कातडीचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर साध्या कागदाच्या दहाव्या हिश्श्याइतका पातळ असतो. तो अंगातली ओल आत धरतो आणि बाहेरचं मीठ, साबण, जंतू बाहेर ठेवतो. चुकीच्या हाताने वस्तरा फिरला की केसाबरोबर हा थरही खरवडला जातो. मग घामाचं मीठ आत झोंबतं, फेसातला साबण चुरचुरतो, उघड्या पडलेल्या केसांच्या मुळांशी पुळ्या धरतात. दर दोन दिवसांनी खरवडलेली जागा निबर होत नाही, ती भरूनच येत नाही. मग दोन महिन्यांनी काहींची आग थांबते ती कशी? थांबते, कारण तेवढ्या दिवसांत त्यांचा हात नकळत हलका होतो, कोन जमतो. सुधारतो तो हात आणि श्रेय मिळतं कातडीला. ज्यांचा हात सुधारला नाही ते चाळीस वर्षं तीच आग घेऊन जगतात आणि तिला दाढीचा धर्म समजतात. असे चार-पाच जण तरी माझ्या ओळखीचे आहेत.

मी शिकलो ते फोंड्याच्या बाजारातल्या एका लहानशा दुकानात, कॉलेजच्या सुट्टीत. दुकानाचे मालक तेव्हाच साठीला आलेले होते, त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांनी पहिले आठ दिवस मला माझ्या गालाला वस्तरा लावू दिला नाही. फुगवलेल्या फुग्यावर फेस लावायचे आणि तो काढायला सांगायचे. फुगा फुटला की दुसरा. मी चिडायचो. दाढी शिकायला आलो होतो, जत्रेत खेळायला नव्हे. पण एके दिवशी फुगा फुटला नाही, फेस साफ निघाला, आणि तेव्हा ते एवढंच म्हणाले, “दामूं नाका. वस्तऱ्याक आपलें वजन आसा.” दाबू नकोस, वस्तऱ्याला स्वतःचं वजन आहे. पन्नास-साठ ग्रॅमचं ते हत्यार. केस कापायला तेवढं वजन पुरतं. त्यावर बोटांनी जो भार पडतो तो केसावर पडत नाही, कातडीवर पडतो. नवशिक्याच्या आगीतला मोठा वाटा या एका वाक्यात येतो, असं मी इतक्या वर्षांनीही म्हणेन.

उरलेली आग कोनातून येते. पातं गालावर आडवं निजवायचं आणि पाठ किंचित उचलायची, पाठीच्या जाडीच्या साधारण दुप्पट, म्हणजे तीसेक अंश. त्याहून कमी उचलली तर पातं केस ओढतं. जास्त उचलली तर खरवडतं. गालाच्या सपाटीवर हे पटकन जमतं. जबड्याच्या वळणावर मनगट वळवावं लागतं आणि तिथेच नवखा माणूस कोन विसरतो. माझ्या भाच्याचे चट्टे नेमके जबड्याखाली होते. ते पाहिल्यावर नाजूक कातडीचं निदान करायची गरज कुणाला का वाटावी? एकाच माणसाची कातडी गालावर धट्टीकट्टी आणि दोन बोटं खाली नाजूक कशी असेल?

आता धारेबद्दल, कारण या बाबतीत सगळ्यांत जास्त अज्ञान आहे. धार कमी असली की कापणार नाही, म्हणून शिकणाऱ्याने बोथट वस्तरा घ्यावा, असं माणसं अगदी काळजीने सांगतात. विळीवर कधी बसले असतील तर त्यांना ठाऊक हवं की बोथट विळीच बोट कापते, कारण तिच्यावर जोर लावावा लागतो. वस्तऱ्याचं तेच. धार उतरली की पातं केसाला अडतं, केस ओढला जातो, मुळाशी दुखतं. हात आपोआप दाब वाढवतो, एकाच जागेवरून तीन-तीनदा फिरतो, आणि कातडी सोलवटते. तीक्ष्ण पात्याने चुकून कापलं तर सरळ रेघ उठते आणि दोन दिवसांत मिटते. बोथट पात्याने जी आग होते ती गळाभर पसरते. पुन्हा सांगतो, शिकणाऱ्याला सर्वांत चांगली धार हवी, सर्वांत कमी नव्हे. दुकानातून आलेला कोरा वस्तराही पुष्कळदा दाढीच्या लायक धारेचा नसतो. जाणत्या हाताकडून दगडावर त्याची धार काढून घेतल्याशिवाय तो चेहऱ्याला लावू नये.

ही धार रोज उतरते. केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद कसं झिजेल, असा प्रश्न भाच्याने मला विचारला, आणि तो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असल्याने मला तो आवडला. याचं उत्तर 2020 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दिलं. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असतो. तरीही तो तिरका वाकून पात्याच्या कडेवर आला आणि तिथे पोलादाची घडण एकसारखी नसली, तर कडेचा सूक्ष्म टवका उडतो. त्यांनी प्रयोग साध्या वापरून टाकायच्या पात्यांवर केले, पण केस आणि पोलाद यांचं नातं वस्तऱ्यातही तेच आहे. टवके उडालेली कड डोळ्यांना दिसत नाही. ती कळते गळ्याला.

म्हणून चामड्याचा पट्टा. दर दाढीआधी वस्तरा पट्ट्यावर चाळीस-पन्नास वेळा फिरवायचा, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोचलं की पाठीवरून उलटायचा, धारेवरून कधीही नाही. शिकणारा इथे घाई करतो, पाठ पट्ट्यावरून उचलतो आणि जी धार सरळ करायला बसला तीच गोल करून टाकतो. मग गालावर ओढ जाणवते, मग तो दाबतो, मग चट्टे. भाच्याला मी पट्टा पकडायला सांगितला आणि त्याने तिसऱ्याच फेरीत पाठ उचलली. त्याचा आजार मला तिथे दिसला. आठ दिवस घरच्यांनी त्याच्या कातडीला दोष दिला होता.

यात आमच्या पावसाची भर. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जूनपासून कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. जुन्या धाटणीचा वस्तरा कार्बन पोलादाचा असतो. तो ओला ठेवला तर फोंड्यात एका रात्रीत धारेवर तांबूस ठिपके पडतात. गंजलेली कड म्हणजे खड्डे पडलेली कड, आणि त्या खड्ड्यांनी चेहरा ओरबाडतो. वापरून झाला की मऊ कापडाने पुसायचा, खाचेतलं पाणीही टिपायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं आणि न्हाणीघरात न ठेवता कोरड्या जागी ठेवायचा. पट्ट्यालाही हवा लागली पाहिजे. हे कुठल्याही नवशिक्याला कुणी सांगतं का? त्याला सांगतात, सोस.

केस भिजवण्याबाबतही तेच. कोरडा केस राठ आणि कडक असतो, पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की फुगतो आणि मऊ होतो. आंघोळ करून, किंवा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालांवर ठेवून, मग कुंचल्याने फेस चोळायचा. आणि पंखा बंद ठेवायचा! ही बारीक गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण आमच्या उकाड्यात माणसं पंख्याखाली आरसा टांगतात, वाऱ्याने एका गालाचा फेस वाळतो आणि वाळल्या फेसावरून वस्तरा ओढला जातो. हनुवटी आणि वरचा ओठ शेवटी घ्यायचे, तिथले केस सर्वांत जाड, त्यांना भिजायला जास्त वेळ मिळतो.

वस्तऱ्याला दोष देणाऱ्यांचा एक पुरावा मात्र नीट तपासला पाहिजे. ते म्हणतात, सलूनमध्ये वस्तऱ्याने दाढी केली की मला दर वेळी पुळ्या येतात, आणखी काय सांगू? त्यांना मी विचारतो, तुम्ही ज्याला वस्तरा म्हणता तो होता का वस्तरा? एड्स आणि काविळीच्या भीतीनंतर सलूनमधून घडीचा वस्तरा हळूहळू हद्दपार झाला आणि त्याच्या जागी पातं बदलायची मूठ आली. कारागीर ब्लेड मधोमध मोडतो आणि अर्धं पातं तिच्यात सरकवतो. ही सुधारणा मला पूर्ण मान्य आहे. एकाच्या रक्ताने माखलेलं पातं दुसऱ्याला लागता कामा नये, हिपॅटायटिस बी आणि सी असेच पसरतात, आणि घरचा वस्तराही एकाच माणसाचा असावा, बापलेकांतही सामाईक नसावा. पण मुठीत बसवलेलं ते अर्धं पातं आणि खरा वस्तरा ही दोन वेगळी हत्यारं आहेत. ते पातं पातळ आणि ताठ, त्याचे कोपरे टोकदार, त्याला पाठीची जाडी नाही आणि स्वतःचं वजनही जवळपास नाही. ते चुकीला माफी देत नाही. त्यात रविवारी रांग लागलेली, फेस लावून अर्ध्या मिनिटात हात चालू, आणि ‘उलटा मारू?’ असं विचारून उत्तराची वाट न पाहता गळ्यावर उलटा हात. मला स्वतःला एका दुकानात अशा घाईत गळ्याला पुळ्या आल्या आहेत. त्या घाईचा दोष मी वस्तऱ्यावर कसा टाकू?

उलट्या हाताचं वेड हीच खरी खोड आहे. गालावरून बोट फिरवलं आणि काचेसारखं गुळगुळीत लागलं नाही तर दाढी झालीच नाही, असं कुणी ठरवलं? केस वाढतो त्या दिशेने वस्तरा फिरला की केस कातडीच्या पातळीवर कापला जातो. उलट फिरवला की तो ओढला जाऊन आत कापला जातो, आणि कुरळा असेल तर वाढताना बाहेर यायच्या ऐवजी वळून कातडीतच घुसतो. त्यातून गळ्यावर काळ्या गाठी आणि पुळ्या धरतात. एकाहून अधिक पात्यांच्या यंत्रांनीही हेच होतं. 1971 साली जिलेटने दोन पात्यांचं यंत्र बाजारात आणलं ते याच गुणाची जाहिरात करत, की पहिलं पातं केस वर ओढतं आणि तो परत आत जायच्या आधी दुसरं कापतं. ज्या गोष्टीने केस आत घुसतो तीच विक्रीचा मुद्दा झाली. आणि आपले लोक नाजूक कातडीच्या मुलाला वस्तरा सोडून तेच यंत्र घ्यायला सांगतात!

एवढं मी मान्य करतो: ज्याचे गळ्यावरचे केस फार कुरळे आहेत त्याला कोणत्याच हत्याराने जवळून दाढी मानवत नाही. त्याने केस मिलिमीटरभर राखावेत. ज्याच्या चेहऱ्यावर मुरमं पिकली आहेत त्याने ती बसेपर्यंत थांबावं, आणि पू धरून पसरत चाललेल्या पुळ्यांना त्वचेच्या डॉक्टरकडेच न्यावं. पण दहा जणांना आग झाली तर दहाही जणांची कातडी नाजूक कशी निघते? आधी हात पाहा, मग धार, मग केसांची दिशा, आणि हे सगळं बरोबर असूनही आग होत असेल तर कातडीचं नाव घ्या.

तुरटीबद्दल थोडक्यात. तुरटी आखडवते, बारीक रक्तस्राव थांबवते, चांगली वस्तू आहे. पण ती झोंबते ती सोललेल्या जागी. नीट केलेल्या दाढीवर ओली तुरटी फिरवली तर थंडावा लागतो, आग नाही. दादा माझ्या चेहऱ्यावरून तुरटी फिरवून मी कुठे डोळे मिटतो ते बघायचे आणि त्या जागेवर बोट ठेवून म्हणायचे, इथे दाबलंस. तुरटी हा त्यांचा परीक्षक होता. जळजळणं हेच औषध समजणाऱ्यांनी त्या परीक्षकाला मुकं करून टाकलं. वरून दारूचा अंश असलेलं आफ्टरशेव ओतणं म्हणजे सोललेल्या कातडीवर दुसरा घाव.

या सगळ्याच्या मुळाशी मला एक तुच्छता दिसते. ‘दाढीत काय शिकायचंय?’ हा प्रश्न विचारणारा दाढीबद्दल बोलत नसतो. जे काम पिढ्यान् पिढ्या ठरावीक हातांनी केलं त्यात ज्ञान असूच शकत नाही, असं त्याला वाटत असतं. 1769 साली झाँ-जाक पेरे या पॅरिसच्या पाती घडवणाऱ्या कारागिराने स्वतःची दाढी स्वतः करायला कसं शिकावं यावर अख्खं पुस्तक छापलं. त्याला ते पुस्तकाच्या योग्यतेचं वाटलं. आपल्याकडे संत सेना महाराजांच्या नाभिक जातीला कसब होतं, पण ते लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. याच हातांनी 1890 साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत विधवांचं केशवपन करायचं नाकारलं. वस्तरा कुठे चालवायचा आणि कुठे नाही, हे त्या नाभिकांना शिकल्यासवरलेल्या यजमानांपेक्षा जास्त कळत होतं. त्यांच्यापाशी बसून शिकायला आपल्याला कमीपणा वाटला आणि आता त्यांची दुकानं गेली, धारेचे दगड गेले, पट्टे गेले. उरलं ते ‘सोस’ एवढं एकच शास्त्र.

आणि ते शास्त्र धोक्याचंही आहे. आग ही शरीराने दिलेली माहिती असते. गालाच्या कुठल्या भागात, कितव्या हाताला, दाढीनंतर लगेच की उन्हात गेल्यावर, हे नीट पाहिलं तर ती चूक दाखवून देते. भाच्याला आम्ही एका वहीत चेहरा काढून त्यावर केसांच्या दिशांचे बाण काढायला लावले. गळ्याच्या डाव्या बाजूला त्याच्या केसांचा भोवरा निघाला, तिथे वरून खाली येणारा हात उलटाच पडत होता. शिवाय सकाळी दाढी करून तो लगेच स्कूटरवर बसायचा आणि हेल्मेटचा पट्टा ताज्या गळ्यावर घासत जायचा. दाढी रात्रीवर नेली, भोवऱ्यावर हात आडवा केला, पंधरा दिवस फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने आणि बाकी साध्या ब्लेडने. कातडी बोटांनी ताणून, बोटभर लांबीचे छोटे हात, एकच फेरी, आणि दोन दाढ्यांत एक दिवस मोकळा. निबर व्हायला त्याच्या कातडीला वेळच मिळाला नाही. तुळशीच्या लग्नाच्या आत चट्टे गेले होते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी मुलगा लाल गळा घेऊन समोर बसला तर त्याला सोसायला सांगू नका आणि त्याच्या कातडीला नावं ठेवू नका. त्याला वस्तरा आणायला सांगा. अंगठ्याच्या नखावर नव्हे, मनगटावरच्या लवेवर धार बघा. पट्ट्यावर त्याचा हात बघा. गालावर फेस लावून एक हात त्याला तुमच्या समोर फिरवायला सांगा आणि त्याची बोटं पांढरी पडतात का ते बघा. पडत असतील तर तो दाबतोय.